धुरपताच्या नावाला बोंब मारणारं यंत्र

धान खरेदी संस्थेच्या आवारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हाळी धानाचे कट्टे, म्हणजे पोती, लादलेल्या बैलबंड्या फाटकापासून थेट तलावाच्या बांधापर्यंत उभ्या होत्या. बैल सोडून चाकांना बांधले होते आणि पश्चिमेकडे आभाळ काळं होत चाललं होतं. पण आभाळाकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. सगळ्या माना ऑफिसच्या खिडकीकडे वळलेल्या. आत खसचा कूलर, कूलरसमोर संस्थेचा कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरसमोर मांडी ठोकून बसलेले गावचे मांत्रिक तुलाराम बाबा.

"टाक तिचं नाव," बाबा म्हणाले.

ऑपरेटर हिरालालने कळा दाबल्या. क्षणभर काहीच झालं नाही. मग पडदा काळा पडला, यंत्राने कानठळ्या बसतील अशी लांबलचक शिट्टी मारली आणि ते ठप्प झालं.

"आयकलं?" बाबा खिडकीतून गर्जले. "मशीन बोंबलून राहिली! लोखंडाले कळते, तुमाले नाई कळत. त्या बाईची नजर मशिनीच्या पोटात बसली हाये!"

आवारातून एकच हाय उठली. आणि ती बाई, धुरपता, चिंचेखाली आपल्या चार कट्ट्यांना पाठ लावून बसली होती. तिच्या आजूबाजूला दहा हात कुणी उभं नव्हतं.

ही अठ्ठ्याऐंशी सालची, मे महिन्यातली गोष्ट. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, एकोडीच्या पलीकडे, सायकलवर अर्ध्या तासावर. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवायचो. आमच्या धान खरेदी संस्थेचे अध्यक्ष भय्याजी यांना एकच हौस होती, ती म्हणजे भंडाऱ्याच्या लोकांनी आपल्या गावी यावं आणि तोंडात बोट घालावं. त्या हौसेपायी यंदा हा कॉम्प्युटर आला. त्याची खोली देवघरासारखी. बाहेर चपला काढायच्या, आत जाताना हात जोडायचे. यंत्राच्या कपाळावर कुंकू होतं आणि त्यावर चिकटलेला तांदळाचा दाणा अजून गळला नव्हता. एवढी तयारी आपणच करून ठेवल्यावर बाबांना नवं काही करावंच लागलं नाही. ते फक्त गाभाऱ्यात येऊन बसले.

यंत्राचं काम तसं साधं होतं. सकाळी आलेल्या शेतकऱ्यांची नावं, जमीन आणि धानाचे कट्टे हिरालाल त्यात भरायचा. मग यंत्र एका दमात सगळ्यांचा हिशेब करून काट्यावरच्या पाळीच्या चिठ्ठ्या छापायचं. चिठ्ठी नाही तर वजन नाही. त्या आठवड्यात मात्र धुरपताचं नाव यादीत आलं की यंत्र शिट्टी मारून मरायचं आणि कुणाचीच चिठ्ठी निघायची नाही. तिचं नाव काढलं की भराभरा निघायच्या. पण तिचंही धान घ्यायचं होतं, म्हणून नाव पुन्हा घालावं लागायचं आणि रांग पुन्हा अडायची. लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर मग डोकं कोण चालवतो?

तुलाराम बाबांचा धुरपतावर जुना राग होता. तिचा नवरा कावीळ होऊन गेला तेव्हा बाबांनी त्याच्या दंडाला मुळी बांधली होती. "मुळी बांधत बसला, दवाखान्यात नेऊ नाई देल्लं," असं ती नंतर भर बाजारात बोलली होती. बाबा ते विसरले नव्हते.

"हे मशीन जपानातून आलं," बाबा आता खिडकीबाहेर तोंड काढून सांगत होते. "सात समुद्र वलांडून आलं. त्याच्या पोटात तारा हायेत, तारांत वीज हाये, विजेत देवी हाये. देवीले पापी नाव चालत नाई! फट् स्वाहा, फ्लॉपी स्वाहा!" त्यांनी अंगाऱ्याची चिमूट उडवली. हिरालालने घाईघाईने कळफलकावर टॉवेल टाकला.

मला हसू फुटलं, पण ते तोंडातच राहिलं. कारण बाबा पुढे म्हणाले, "पाऊस यायच्या आत तिचे केस काढा, तलावात बुडवून काढा, अन् शिवेपार करा. तवाच मशीन सुटन. नाई तं तुमचं धान सडलंच समजा."

आभाळात गडगडलं. चार-पाच जण चिंचेकडे सरकले. एकाच्या हातात न्हाव्याचा वस्तरा होता. कुणीतरी तो आधीच आणून ठेवला होता. धुरपता उठली नाही. तिने कट्ट्याचं तोंड मुठीत घट्ट धरलं, एवढंच.

"गोमाजी, तू तरी बोल गा," ती शेजाऱ्याला म्हणाली. "माह्या धानाच्या बांधीले लागून हाये तुही बांधी. मी कोणाचं काय केलं?"

गोमाजीने मान फिरवली. त्याचीही बंडी रांगेत होती.

मी सायकल घेतली आणि शाळेकडे पळालो. मी स्वतः काही केलं असतं असं नाही. मी कविता शिकवणारा माणूस, यंत्रापुढे माझी अक्कल चालत नव्हती आणि वस्तऱ्यापुढे हिंमत. पण आमच्या गणिताच्या चंद्रकांताबाईंनी दिवाळीच्या सुटीत नागपूरला कॉम्प्युटरचा वर्ग केला होता. त्या निकालपत्रकं तपासत बसल्या होत्या. मी धापा टाकत सांगितलं ते त्यांनी ऐकलं, लाल पेन बंद केलं आणि म्हणाल्या, "चला."

आम्ही पोचलो तेव्हा धुरपताचा पदर कुणीतरी ओढला होता. बाई गर्दीतून सरळ तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हात खाली घ्या," त्या वस्तरेवाल्याला म्हणाल्या. आवाज वर्गात असायचा तसाच होता. "भय्याजी, मला यंत्रासमोर थोडा वेळ बसू द्या. तोवर कुणी हिला हात लावायचा नाही."

भय्याजींनी आभाळाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "मॅडम, लोक तापून हायेत. तुमाले नाई जमलं तं?"

"नाही जमलं तर मला सांगा काय करायचं ते. हिला नाही."

गर्दीत कुजबुज झाली. "हिच्याबी अंगात आलं," कुणीतरी म्हणालं. पण वाट मिळाली. बाई चपला घालूनच खोलीत शिरल्या. हिरालालने "मॅडम, चपला..." म्हटलं, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"धुरपताचं नाव घाल," त्या हिरालालला म्हणाल्या. "तिचे कट्टेही तसेच ठेव. जमीन मात्र गोमाजीची घाल."

"गोमाजीची? काहून?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग कळतं दुखतंय कुठे."

हिरालालने कळा दाबल्या. खिडकीत माणसांवर माणसं चढली होती. सगळे शिट्टीची वाट बघत होते. छपाईयंत्र खरखरलं आणि धुरपताच्या नावाची चिठ्ठी बाहेर आली. पाठोपाठ सगळ्यांच्या.

बाबा लगेच उठून उभे राहिले. "पाहा! माह्या अंगाऱ्याचा गुण! आत्ताच टाकला ना मी अंगारा!"

"बाबांचा जय!" बाहेरून आरोळी उठली. वस्तरेवाला पुन्हा चिंचेकडे सरकला. बाईंचा चेहरा मात्र तसाच होता.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "अंगारा लागलाय, तर आता यंत्र पापी माणसालाच ओरडेल. हिरालाल, बाबांचं नाव घाल."

बाबांचा हात दाढीत अडकला. "माहं? मी कायले? मी धान विकत नाई."

"दक्षिणा म्हणून मिळालेलं धान गेल्या सालीच इथे विकलंत की. दोन कट्टे धरू. जमीन किती तुमची?"

"साधूले कायची जमीन? भूमी सारी देवाची."

"म्हणजे शून्य. घाल रे शून्य."

"मंत्रलेल्या माणसाचं नाव मशिनीत घालू नये," बाबा घाईने म्हणाले. "मशीन जळन."

"जळली तर माझ्या पगारातून भरून देईन. पुण्यवान माणसाला भीती कसली?"

खिडकीतून गोमाजीचा आवाज आला. "घाल ना गा हिरालाल. बाबाले काय होते?" त्याला खरंच वाटत होतं की बाबांना काही होणार नाही. हिरालालने नाव घातलं, कट्टे घातले, शून्य घातलं आणि डोळे मिटून शेवटची कळ दाबली.

पडदा काळा पडला. यंत्राने बोंब मारली. तीच, तेवढीच लांब, बाबांच्या तोंडासमोर.

वस्तरेवाल्याने वस्तरा मिटून खिशात घातला.

"आता यंत्र का ओरडतं ते बघा," बाई म्हणाल्या. त्यांनी यंत्र पुन्हा सुरू करून त्याला दिलेल्या सूचना पडद्यावर काढल्या आणि एकेक ओळ बोटाने वाचत गेल्या. "व्यापाऱ्याचं धान कुणी शेतकऱ्याच्या नावावर खपवू नये म्हणून यंत्र एकरी किती धान पिकलं ते काढतं. म्हणजे धानाला जमिनीने भागतं. धुरपता, तुझी जमीन कोणती वो?"

"तलावातली बांधी," धुरपता दारात येऊन म्हणाली. "पाणी सरलं का गाळात लावतो. पंचायतीची परवानगी हाये. सातबारा कुठचा तिले?"

"ऐकलंत? गावात तलावात पेरणारे बरेच आहेत, पण त्यांच्या नावावर दुसरी शेती आहे. हिला फक्त गाळ. सातबारा नाही म्हणून हिरालालने शून्य घातलं. आणि चार कट्ट्यांचे शून्य वाटे कुणालाच करता येत नाहीत, तुम्हाला नाही, मला नाही, यंत्रालाही नाही. ते अडतं."

"मंग तसं सांगत काहून नाई?" भय्याजींनी विचारलं. "शिट्टी कायले मारते?"

बाईंनी बोट एका ओळीवर ठेवलं. "ही बघा. काहीही चुकलं तर काय चुकलं ते सांगू नको, पडदा पूस, शिट्टी मार आणि थांब. हिरालाल, हे कुणी लिहिलं?"

हिरालालने भय्याजींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "नागपूरच्या साहेबानं. उद्घाटनाच्या दिवशी. भय्याजी म्हणले होते, भंडाऱ्याचे पाहुणे येऊन राहिले, त्यायच्यासमोर मशिनीनं चूक दाखवली तं इज्जत जाईन."

भय्याजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. आमच्याकडे घरातलं भांडण पाहुण्यांसमोर झाकतात, तसं त्यांनी यंत्राचं अडणं झाकलं होतं. पाहुणे चहा पिऊन गेले. ती ओळ मात्र तशीच राहिली.

बाईंनी ती ओळ पुसली आणि धुरपताचं नाव तिच्या शून्यासकट पुन्हा घातलं. या वेळी शिट्टी वाजली नाही. पडद्यावर एक इंग्रजी वाक्य उमटलं. बाईंनी ते मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. "शून्याने भागता येत नाही. आणि पुढे ओळीचा आकडा दिलाय, कुठे अडलं त्याचा. एवढंच म्हणत होतं बिचारं इतके दिवस."

मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. जमीन शून्य असली तर भागायचं नाही, 'तलावातली बांधी, परवानगी पाहावी' असा शेरा मारून पुढे जायचं, ही एक. आणि एका नावावर काही अडलं तर बाकीच्यांची कामं अडवायची नाहीत, पण काय अडलं ते स्पष्ट लिहायचं, ही दुसरी. चिठ्ठ्या खरखरत बाहेर पडू लागल्या. बाबा मागच्या दाराने कधी निघून गेले ते कुणी पाहिलं नाही. अंगाऱ्याची पुडी मात्र टेबलावर राहिली होती. हिरालालने ती फेकली, सांडलेला अंगारा फडक्याने पुसला, आणि त्याच फडक्याने यंत्राचं कुंकूही.

वजनं सुरू झाली. आभाळ अजून गडगडत होतं म्हणून सगळी माणसं कट्टे वाहायला धावली. गोमाजी धुरपताच्या कट्ट्याला हात लावायला वाकला. तिने त्याचा हात बाजूला केला.

"धुरपता, मले समजलं नव्हतं वो," तो पुटपुटला. "आमी मशिनीचं आयकलं."

धुरपताने पदर सावरला, कट्टा डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "मशिनीचं तं तोंड बांधलं होतं गा. तुमचं कोणी बांधलं होतं?"

गोमाजी वाट सोडून बाजूला झाला. तो प्रश्न सायकल घेऊन पळालेल्या मलाही होता.

वाचकहो, यंत्र असो की माणूस, अडलं म्हणजे पाप झालं असं नसतं. कशाने अडलं ते विचारायचं असतं, आणि विचारणाऱ्याला उत्तर मिळेल अशी सोय ठेवायची असते. चूक झाकली की ती नाहीशी होत नाही, ती अंधारात जाऊन बसते, आणि अंधारात एखादा तुलाराम आधीच आसन मांडून बसलेला असतो. पुढच्या वेळी तुमच्या गावात काही बोंबललं, तर कुणाच्या नावाने बोंबललं ते विचारू नका. का बोंबललं ते विचारा. आणि ते कळेपर्यंत वस्तरा खिशातच राहू द्या.