पोटात शेगडी घेऊन बसलेला दगड

मी येडगावचा काळा दगड बोलतोय. हसू नका! तुमच्यापैकी कुणाच्या पोटात भोक पाडून आत शेगडी पेटवली आहे का?

विहीर खोदताना मी वर आलो आणि द्रौपदाआजींच्या अंगणात येऊन पडलो. माझ्यावर मिरच्या वाळायच्या, पाव्हणे टेकायचे. मजेत चाललं होतं.

मग त्यांची नात तेजस्विनी आली. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. जमिनीखाली पोकळी करून तिच्यात उष्णता साठवली, तर भोवतालचा खडक कुठे तडकेल, हे तिला संगणकावर आधीच सांगायचं होतं. संगणक खरं बोलतो की थापा मारतो, हे तपासायला खराखुरा खडक हवा, म्हणून तिनं मला निवडलं. मी तर फुगूनच गेलो.

कॉलेजात माझ्या मधोमध भोक पाडलं, त्यात हीटरची कांडी बसवली, अंगाला तापमान मोजणाऱ्या तारा चिकटवल्या. संगणकावरची तापमानाची रेघ भराभर वर गेली. मी मात्र पाणी उकळण्याइतका तापलो आणि तिथंच अडून बसलो. परीक्षक तर परवाच यायचे होते. तेजस्विनी अगदी रडकुंडीला आली. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात माझ्या अंगातून वाफ निघायला लागली.

तिनं घरी फोन लावला. "आज्जे, दगडाला काय केलंस?"

"काय न्हाई गं. गाडीत घालायच्या आधी गोठ्यातल्या गुरांच्या पाण्याच्या डोणीत भिजत घातला व्हता. परगावी चाललेल्याला बिनआंघोळीचं धाडत्यात व्हय?"

तेजस्विनीनं कपाळाला हात लावला आणि मग खो खो हसत सुटली. गणितात तिनं खडक कोरडा धरला होता आणि इथं सगळी उष्णता माझ्या अंगात मुरलेलं पाणी उकळण्यातच जात होती. पण जमिनीखालचा खडक कुठं कोरडा असतो? तिनं गणितात पाणी धरलं. नव्या उत्तराप्रमाणे जिथं तडा जायला हवा, तिथं माझ्या अंगावर खडूनं रेघ ओढली.

परीक्षकांसमोर मला पुन्हा भिजवून तापवलं. या वेळी संगणकाची आणि माझी रेघ जोडीनं वर चढली. आणि टक्‌! मी तडकलो, अगदी खडूच्या रेघेवर! इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. तेजस्विनी तर मला मिठीच मारणार होती, सरांनी तिला वेळीच मागं ओढलं.

आता मी पुन्हा अंगणात आहे. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून सांगतात, "माज्या नातीनं आधी सांगून फोडलाय ह्यो!" काल तेजस्विनीचे वडील, राजरत्नभाऊ, सिमेंट कालवून थापी घेऊन आले. भाऊ, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. हा तडा बुजवू नका. तुमच्या पोरीचं उत्तर बरोबर आलंय, ते इथं लिहिलंय.