रेघेच्या अलीकडे

"पाय काऊन झाकून राह्यल्या, बाई? दाखवा ना," गोजरबाई म्हणाली.

इंग्रिडने पातळाचा काठ घोट्यावर ओढला. "काही नाही. मुंगी चावली."

"गोऱ्या मानसाले मुंगी बी मोठीच चावते वाट्टे!" भरलेली घागर कमरेवर घेऊन पायऱ्या चढणारी वच्छलाबाई हसली. "मावशे, तुही घागर पुढच्या खेपेले भरतो."

बारवेत दोघीच उरल्या. गोजरबाईने न विचारता इंग्रिडचा पाय धरला आणि घोट्याशी आलेला फोड पाहिला. तिच्या स्वतःच्या पोटरीतून निघालेला दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळलेला होता. रोज थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही.

"नारूच हाये," ती म्हणाली.

नारू घालवायलाच इंग्रिड समुद्रापलीकडच्या थंड देशातून जानेफळजवळच्या या खेड्यात स्वयंसेविका म्हणून आली होती. तसा पाय पाण्यात बुडला की जंत पिल्ले सोडतो आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षाने नारू होतो, हे तिने घरोघर सांगितले. पायरीवर चुन्याची रेघ ओढली. नारूवाल्यांनी तिच्याखाली उतरायचे नाही, त्यांचे पाणी इतरांनी भरायचे, सगळ्यांनी गाळून प्यायचे. सुरुवातीला कोणी भरेना, म्हणून तीच सगळ्यांचे भरत राहिली. उघड्या दाराशी जमणाऱ्या बायकांसमोर जेवायला शिकली. लग्न काऊन नाही केलं, या प्रश्नावर हसायला शिकली. या उन्हाळ्यात कुठे बायका आपणहून एकमेकींच्या घागरी भरू लागल्या होत्या.

"बिनगाळलेलं कवा पेल्या तुमी?"

गोजरबाईलाच आठवले.

"आल्या त्या दिवशी. गुळासंग. लोटा माह्याच हातचा व्हता."

"मला तहान लागली होती," इंग्रिड म्हणाली. तहान लागली नव्हती. सगळे अंगण तिच्याकडे पाहत होते, एवढेच.

फोड पेटला होता. ही आग तिने पुस्तकात एका शब्दात वाचली होती, आणि तोच शब्द ती वर्षभर या बायकांना सांगत आली होती. सकाळपासून दुसऱ्या घोट्यालाही खाज होती. एका लोट्यात किती जंत असतील, ते कोणालाच सांगता आले नसते. निघून जायचे म्हटले तरी बसपर्यंत चालायला पाय हवेत. ती रडू लागली. रडताना स्वतःच्या भाषेत काहीतरी बोलली. ते समजणारे जवळपास कोणी नव्हते.

"जा," गोजरबाई हळूच म्हणाली. "घडीभर बुडवा. लई गार वाटते. म्या पाह्यलंच नाही."

इंग्रिड उठली. रेघ ओलांडून दोन पायऱ्या उतरली. पाणी हिरवट आणि स्थिर होते. तिने पाय उचलला, तसाच धरला. हेच पाणी संध्याकाळी प्रत्येक चुलीपाशी जाणार होते. किती घरांत ते खरोखर गाळतात, हे तिला माहीत होते.

भिंतीला धरून, बसत बसत, ती वर आली.

"नाही, माय."

गोजरबाईने तो पाय आपल्या मांडीवर घेतला आणि पदराने वारा घालू लागली. ऊन बारवेच्या तळापर्यंत उतरले होते. वारा गरमच होता. हात दुखला की ती हात बदलत होती.