नकाशातल्या विहिरी

ते बेट नुसत्या आरमाराच्या आणि विमानांच्या जोरावर गुडघे टेकेल, असं युद्धखात्याच्या अहवालात तीन ठिकाणी लिहिलं होतं. एकदाच लिहिलं असतं, तर नकाशेवाल्यानं विश्वास ठेवला असता.

दोन महिने त्यानं बेटाची बंदरं आणि धावपट्ट्या काढल्या. सोमवारी मात्र वरून चिठ्ठी आली : आतल्या डोंगरातल्या पाऊलवाटा आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी दाखवा.

नकाशेवाल्यानं पेन्सिल कानावर ठेवली. जहाजांना स्वतःच्या टाक्या असतात. विमान काही विहिरीवर उतरून पाणी शेंदत नाही. मग तहान लागणार होती कुणाला?

त्याचा मुलगा पायदळात होता. आघाडीपासून दूरच्या डेपोत त्याची बदली मागायचा अर्ज गेल्याच आठवड्यात भरायचा होता. पण बायकोच्या भावानं, म्हणजे योजना विभागातल्या साहेबानं, तो भरू दिला नव्हता.

नकाशेवाला चिठ्ठी घेऊन थेट मेहुण्याच्या खोलीत गेला.

“भावोजी, तुम्ही म्हणजे ना, दोरीला साप म्हणता,” मेहुणा म्हणाला. “नाक दाबलं की तोंड उघडतं. समुद्र आपला, आभाळ आपलं. महिन्यात पांढरं निशाण. आपल्या एका शिपायाचा बूट ओला होणार नाही.”

“मग विहिरी कशाला?”

“नकाशा पूर्ण असावा, इतकंच.”

“पूर्णच हवा तर शाळा का नाही मागितल्या? देवळं?”

मेहुणा चहा ढवळत राहिला. साखर त्यानं वर्षापूर्वीच सोडली होती.

“तुमचा धाकटा कुठं असतो हल्ली?” नकाशेवाल्यानं विचारलं.

“डेपोत. पाठ धरते हो त्याची.”

“कधीपासून?”

“झाले की चार दिवस.”

“माझ्याकडे अर्ज तयार आहे. आज घ्या.”

“जागा भरल्या, भावोजी. कालच.”

योजना विभागातल्या साहेबांच्या बऱ्याच पोरांच्या पाठी त्या आठवड्यात धरल्या होत्या.

नकाशेवाला आपल्या खोलीत परतला. टेबलाशी येऊन बसला. खिंडीतल्या एका विहिरीबद्दल दोन जुन्या पाहण्यांचं पटत नव्हतं. एक म्हणे पाणी गोडं, दुसरी म्हणे खारं. एरवी त्यानं सरळ त्यातल्या नव्या पाहणीचं ऐकलं असतं. आज त्यानं दफ्तरातून तिसरी मागवली.

विहीर खारी निघाली. त्यानं तिच्यावर फुली मारली आणि पाठीवर ओझं घेतलेला आपला मुलगा पुढच्या विहिरीपर्यंत किती वेळात पोचेल, ते मोजायला बसला.