अम्मीचं नाक

फरीदाने छोट्या कॅनच्या तोंडात नरसाळं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मोहियोद्दीनने मोठा कॅन वाकडा केला. मोठा कॅन होता जुना, खाद्यतेलाचा. उन्हाने फुगलेला, झाकण धड न बसणारा. पेट्रोल आधी बारीक धारेनं आलं, मग एकदम भसकन. नरसाळ्यावरून उतू जाऊन ते फरशीवर, उंबऱ्याकडे पसरलं.

"हळू म्हनलं होतं मी," फरीदा म्हणाली.

"पुसून टाक. तिकडं मंडपवाला वाट पाहून राहिला."

लग्नांना जनरेटर पुरवायचा मोहियोद्दीनचा धंदा कंधारात बरा चालला होता. पण मागच्या शेडमधून एक कॅन चोरीला गेला आणि तेव्हापासून पेट्रोल घरात, गाद्यांशेजारी येऊन बसलं. फरीदाला उशीतसुद्धा त्याचा वास यायचा. ती भांडायची आणि नवरा दरवेळी एकच साक्षीदार उभा करायचा, त्याची आई. डाळ बुडाला लागायच्या आत अंगणातून हाक मारणारी बाई! आणि अम्मी शांतपणे सांगायची, घरात कसलाही वास नाही. म्हातारी लेकाचीच बाजू घेणार, असं फरीदाने मनाशी पक्कं केलं होतं. रागाने तिने सासूशी बोलणंही कमी केलं होतं.

फडकं आणायला ती वळली आणि जागीच थिजली. आज जुमेरात. दर गुरुवारी दिवेलागणीला अम्मी घरभर लोबानचा धूर फिरवायची. आत्ताही ती समोरच्या खोलीतून येत होती, हातात ऊददान, त्यात लालभडक निखारे.

"अम्मी, तिथंच थांबा."

"का गं? मगरिबची वेळ होऊन राहिली."

"अम्मी, पाऊल टाकू नको." मोहियोद्दीनचा आवाज चिरकला. कॅन त्याच्या हातात तसाच राहिला होता.

अम्मी उंबऱ्यापासून चार हातांवर थांबली. पेट्रोलने फरीदाचे डोळे चुरचुरत होते, आणि अम्मीच्या चेहऱ्यावर नुसतं नवल.

"वास न्हाई येत तुम्हाला?" फरीदाने विचारलं.

"येतो की," अम्मी झटकन म्हणाली. "लोबानचाच तर येऊन राहिलाय."

फरीदाने ऊददानाकडे पाहिलं. नुसते निखारे होते. लोबानची डबी अम्मीच्या दुसऱ्या हातात होती, झाकण लावलेली.

मोहियोद्दीननेही ती पाहिली.

फरीदा भिंतीला पाठ घासत ओल्या फरशीच्या कडेने बाहेर आली. सासूचा खांदा धरून तिला वळवलं, अंगणात नेलं आणि ऊददान पाण्याच्या बादलीत सोडलं. चर्र झालं. दोघी पायरीवर बसल्या.

"कव्हापासून, अम्मी?"

अम्मी डबीचं झाकण चाचपत राहिली. "त्या मोठ्या तापापासून. वाटलं, येईल परत." मग हळूच म्हणाली, "डाळ लागली तरी आता कळत न्हाई. कुनी काई म्हनायच्या आत उठून पाहून येते."

मोहियोद्दीन दोन्ही हातांत कॅन घेऊन बाहेर आला आणि शेडकडे गेला. अम्मीकडे त्याने पाहिलं नाही.

"आज लोबान राहिला," अम्मी म्हणाली.

फरीदाने तिच्या हातातून डबी घेतली, उघडली, नाकाशी नेली.

"पुढच्या जुमेरातीला फिरवा तुम्ही," ती म्हणाली. "वास कसा आला, ते मी सांगत जाईन."