वरच्या अर्ध्यातली निळी गाडी

बटण आत गेलं की वर यायला वेळ घेत होतं. लाल बटण, अंगठ्याच्या घासण्यानं मधोमध फिकट पडलेलं... तिनं ते पुन्हा दाबून पाहिलं, नखानं हळूच उचकटलं, पुन्हा दाबलं. नंतर कुणी म्हणायला नको की बटणच अडकत होतं. सबब उरता कामा नये. दोन्ही रिमोट तिनं सकाळीच ओल्या फडक्यानं पुसून, वायरींचा गुंता सोडवून टीव्हीसमोर सतरंजीवर मांडून ठेवले होते, आणि बाबांना सांगितलं होतं की छोटीला दाखवायचाय, तिच्या आईच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम. छोटीला त्या ठोकळ्यांच्या गाड्यांत काडीचा रस नव्हता. ती सोफ्यावर उलटी पडून, पाय भिंतीला लावून चित्रांचं पुस्तक बघत होती. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

कारण गोष्ट खऱ्या गाडीची होती. बाबांच्या गाडीच्या डाव्या बाजूला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत, एक लांब ओरखडा उमटला होता. ‘उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं,’ बाबा म्हणाले होते, चहाचा कप तोंडाला लावून... म्हणजे तोंड झाकून. आता हे कुणाला सांगता? ठोकलेल्या गाड्या बघण्यावर तिचं पोट. विमा कंपनी तिला पाठवते तीच मुळी माणूस कुठे खोटं बोलतोय ते हुडकायला. गाडीनं गाडी घासली तर दुसरीचा रंग लागतो. इथे ओरखड्यात सिमेंटची भुकटी बसली होती. आणि रंगाचे पापुद्रे मागच्या बाजूला गोळा झाले होते – म्हणजे गाडी पुढे चालत होती, आणि भिंत, बिचारी, जागच्या जागी उभी होती. रोज सकाळी छोटीला शाळेत बाबाच नेतात. छोटी डावीकडे बसते.

डोळे तपासून या म्हटलं तर म्हणाले, ‘तू आधी तुझं डोकं तपासून घे.’

‘काय फौजदार, मांडला का खेळ?’ बाबा आतून शर्टाच्या बाह्या दुमडत आले. फौजदार हे तिचं घरातलं नाव, तिनं पहिल्यांदा ‘खरं सांगा’ म्हटलं तेव्हापासूनचं. गुडघ्यावर हात टेकून ते सतरंजीवर बसले, उजवीकडे, नेहमीच्या जागी, आणि टीव्हीनं तीच सुरावट वाजवली, ती कर्कश, आनंदी, डोकं उठवणारी... आणि एका क्षणात स्वयंपाकघरातून आईची हाक येईल असं वाटलं. दोन वर्षं झाली आईला जाऊन. हाक आली नाही.

पडद्याचे दोन भाग झाले. वरच्या अर्ध्यात बाबांची निळी गाडी, खालच्या अर्ध्यात तिची पिवळी. तेव्हाही असंच. तेव्हा बाबा कामावरून आल्यावर खेळायचे आणि दयामाया न दाखवता जिंकायचे, आई म्हणायची, अहो, लेकरू आहे ते! आणि मग तो एक रविवार... त्या रविवारी शेवटच्या वळणावर पिवळी गाडी पुढे गेली, आणि ती किंचाळत स्वयंपाकघरात धावली, ‘आई, मी हरवलं, मी बाबांना हरवलं!’ – आणि मागून बाबांचा आवाज, अगदी सहज: ‘अगं, मीच जिंकू दिलं तिला. रडवेली झाली होती.’ आई हसली. ‘बरं केलंत,’ म्हणाली.

मी रडवेली झाले नव्हते. मला आजही आठवतं, मी रडवेली झाले नव्हते.

पण तिथून जी मनात पाल चुकचुकायला लागली ती आजतागायत. शाळेत पहिली आली तर वाटलं, बाई बाबांच्या ओळखीच्या. नोकरी लागली तर वाटलं, दुसरं कुणी आलंच नसेल. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला विचारलं होतं, तुम्हाला कुणी गळ घातली होती का? तो बिचारा अजून पाहुण्यांना हे सांगून हसवतो, आणि तीही हसते, पण उत्तर तिला अजून पटलेलं नाही. कुणी शाबासकी दिली की ती आधी त्याचे पापुद्रे कुठे गोळा झालेत ते बघते.

शर्यत सुरू झाली. ती स्वतःच्या गाडीकडे कमी आणि वर जास्त बघत होती. निळी गाडी उजवी वळणं सफाईनं घेत होती, वा, म्हातारबुवा! – आणि मग डावं वळण आलं, आणि निळी गाडी सरळ कठड्यावर गेली. पुन्हा उजवं, ठीक. पुन्हा डावं. कठडा. जणू डावीकडे काही नव्हतंच.

‘हरलात,’ ती म्हणाली.

‘जिंकू दिलं तुला.’

आता आली का पंचाईत! प्रेमानं हरतायत की दिसत नाही म्हणून, हे ओळखायचं कसं? आणि चोराच्या मनात चांदणं – ते तिच्याकडे न बघता रिमोटची वायर सरळ करत होते. तिला राग आला. त्यांचा, स्वतःचा, वर गेलेल्या आईचासुद्धा, की ‘बरं केलंत’ कशाला म्हणालीस.

‘बाबा, आता खरं खेळा. तुम्ही जिंकलात तर गाडीचं नाव काढणार नाही मी पुन्हा.’

बाबांनी रिमोट मांडीवर ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

‘म्हणजे यासाठी मांडलाय हा बाजार.’

‘हो.’

‘आणि हरलो तर?’

भिंतीवरचे छोटीचे पाय हलायचे थांबले होते.

‘लाव,’ बाबा म्हणाले.

आणि मग गंमत अशी झाली की जिंकू देणं आता तिच्या हातात आलं. अंगठा जरा सैल सोडायचा, बस. निळी गाडी पुढे गेली असती, बाबा ताठ मानेनं उठले असते, आणि उद्या सकाळी छोटी डाव्या बाजूच्या सीटवर... नाही. तिनं अंगठा घट्ट दाबला. वर डावं वळण आलं. कठडा. बाबांनी मान डावीकडे वळवली, पुरती, खांद्यापर्यंत, चुकलेलं घर शोधावं तशी, गाडी सावरली, पुन्हा पळवली. कसे खेळत होते! तिनं चोरून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं, आणि कपाळावर घाम...

आणि तिनं पुन्हा एकदा वळून बघितलं. कारण हे तोंड तिनं पाहिलं होतं. त्या रविवारी. शेवटच्या वळणावर तिनं अशीच चोरून नजर टाकली होती, आणि बाबांची जीभ अशीच बाहेर होती, कपाळ असंच घामेजलेलं, आणि पिवळी गाडी पुढे गेली तेव्हा त्यांनी श्वास सोडला होता – हरलेल्या माणसाचा. मुद्दाम हरणारा माणूस असा घामाघूम होतो का? अरे देवा. म्हणजे मी जिंकले होते. सरळ, स्वच्छ, कुणाच्या मेहेरबानीशिवाय जिंकले होते, आणि या माणसाला एवढ्याशा पोरीकडून हरणं सोसलं नव्हतं, एवढंच. त्यासाठी मी सगळ्या आयुष्यावर शंका घेत बसले!

पिवळी गाडी रेषेपलीकडे गेली. सुरावट वाजली.

तिला आनंद झाला. नको असताना, लाज वाटत असताना, पोटातून उसळी मारून आनंद झाला. स्वयंपाकघराकडे धाव घ्यावी असा. शेजारी बाबा डावीकडे मान वळवून रिमोट ठेवायला जागा शोधत होते, आणि तो त्यांच्या हातातून सतरंजीच्या कडेबाहेर, फरशीवर, पडला.

‘जिंकू दिलं तुला, फौजदार,’ ते म्हणाले. आवाज फाटला होता.

वाद तोंडावर आला होता, सगळ्या पुराव्यांसकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिची खात्री होती, त्या रविवारचीही आणि या दुपारचीही.

‘हो बाबा,’ ती म्हणाली. ‘कळलं मला.’

छोटी सोफ्यावर सरळ उठून बसली. ‘मग उद्या शाळेत आजोबाच नेणार ना?’

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान पुरती वळवली होती, मी त्यांच्या डावीकडे बसले होते म्हणून. आणि मला, देवाशप्पथ, आपण हरलो असतो तर बरं झालं असतं असं वाटत होतं, आणि तरीही आत कुठेतरी ती नाचरी पोरगी काही केल्या खाली बसत नव्हती.