टक्कल पडलेलं छप्पर

अख्ख्या गल्लीत पांढरी छपरं होती आणि मार्लिसच्या छपराला टक्कल पडलं होतं. जानेवारीचा बर्फ सगळ्यांच्या घरांवर गुडघाभर साचलेला, आणि हिच्या घरावर मात्र बरोबर मधोमध एक काळा चौकोन उघडा. येणारा-जाणारा मान वर करून बघायचा आणि काही न बोलता पुढे जायचा. अमेरिकेच्या या उत्तर टोकाला, मिनेसोटात, कोणी काही बोलतच नाही, आणि मार्लिसचं निम्मं दुखणं तेच होतं.

टकलाच्या बरोबर खाली, बोळाच्या छतात, माळ्यावर जायची घडीची शिडी होती. दोरी ओढली की छतातलं झाकण खाली यायचं आणि त्याच्या पाठीवरची शिडी उलगडायची. झाकण बिस्किटाएवढं जाड, आणि चारी बाजूंनी बोट जाईल एवढी फट. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीने तापवलेली हवा त्या फटींतून सुखाने माळ्यावर जायची आणि छपरावरचा बर्फ वितळवायची. ते पाणी वळचणीला जाऊन पुन्हा गोठायचं, त्याचा बांध व्हायचा, आणि बांधामागे तुंबलेलं पाणी कोपऱ्यातल्या खोलीत टपकायचं. सत्तावीस वर्षं मार्लिसचा नवरा व्हर्लिन म्हणत होता, "करतो." सत्तावीस वर्षं मार्लिस त्या खोलीत बादली ठेवत होती.

यंदा मात्र त्या खोलीत तिला आईला आणायचं होतं. आर्डिस एक्याण्णव वर्षांची. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तिने खुब्याचं हाड मोडून घेतलं आणि तेव्हापासून तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात होती. शुक्रवारी तिची खाट तिथे कायमची तिच्या नावावर करणार होते. त्याआधी गुरुवारी दुपारी दोन वाजता डेल्फीन नावाची नर्स घरी येऊन खोली बघणार होती. खोली उबदार हवी आणि जमीन कोरडी. ओल्या फरशीवर आर्डिस पुन्हा पडली, तर पुढचं कोणाला सांगायची गरज नव्हती.

आईला मार्लिसने दोनदा विचारलं होतं, "आमच्याकडे येतेस?" दोन्ही वेळा आई म्हणाली, "नको गं, तुम्हाला कशाला त्रास." पहिला नकार हा नकार नसतो, दुसराही नसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिसऱ्यांदा विचारलं की खरं उत्तर मिळतं. पण तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे शब्द देणं, आणि टपकत्या खोलीच्या भरवशावर शब्द कसा द्यायचा? म्हणून मार्लिस तो प्रश्न गिळून बसली होती.

सोमवारी समोरचा हायल्मर आला. चाळीस वर्षं त्याने लोकांची घरं उबदार करायचाच धंदा केला होता. तो अंगणात व्हर्लिनजवळ उभा राहिला, छपराकडे बघितलं आणि टोपी सारखी केली.

"व्हर्लिन, मला वेळच वेळ आहे. येऊन बघू का जरा?"

"छे, छे. उगाच तुला कशाला."

"नाही, तसा मी रिकामाच असतो."

"बघतो रे मी. होईल."

मार्लिस स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून उभी होती. विचार, ती मनात म्हणत होती, विचार एकदा, तिसऱ्यांदा! तेवढ्यात पलीकडून हायल्मरच्या बायकोने जेवायला हाक मारली. हायल्मरने हात हलवला आणि गेला. घोडं तिथेच अडलं. सत्तर वर्षांचे दोन पुरुष, दोघांनाही तेच हवं होतं, आणि एका वाक्यासाठी सगळं राहिलं. मार्लिसने भांडी अशी काही घासली की एका कपाचा कानच निघाला.

मग व्हर्लिनने तीन दिवस गॅरेजमध्ये काढले. शिडीच्या तोंडावर माळ्यातून उपडी ठेवायची, फोमच्या जाड तक्त्यांची पेटी. दुहेरी थर, रुपेरी टेप, काठाला रबरी पट्टी. पेटी खरंच देखणी झाली, हे मार्लिसलाही मान्य करावं लागलं. गुरुवारी दुपारी बारा वाजता व्हर्लिन माळ्यावर चढला आणि म्हणाला, "दे वर."

तिने उभी करून सरकवली. पेटी अर्धी वर गेली, तिचं टोक छपराच्या वाशाला टेकलं, आणि खालचं टोक शिडीच्या दांड्यांत रुतून बसलं. वर जाईना, खाली येईना.

"तिरकी कर," वरून आवाज आला.

"तिरकीच आहे."

"मग दुसरीकडून तिरकी कर."

"व्हर्लिन, माळ्याची उंची मोजली होतीस का?"

वर मोजपट्टी सरकल्याचा आवाज आला.

"तोंड मोजलं होतं," तो म्हणाला.

मार्लिसची तळपायाची आग मस्तकाला गेली. "तोंड मोजलं होतं! म्हणजे आता तू वर, मी खाली, आणि मध्ये हे बूच! मी खाली ओढते."

"ओढू नको! कोपरा तुटेल!"

"बाहेर उणे वीस आहे, कोपरा तुटायच्या आधी तूच गोठशील! थांब, हायल्मरला बोलावते."

"नको नको, त्याला कशाला त्रास. मी बरा आहे इथे." बोलताना त्याचे दात वाजत होते.

घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. कोपऱ्यातल्या खोलीत बादलीत एक थेंब पडला. मार्लिसने कोटसुद्धा घातला नाही. घरातल्या सपाता घालून तिने रस्ता ओलांडला आणि हायल्मरचं दार थोपटलं.

"हायल्मर, चल. आत्ताच्या आत्ता."

त्याच्या हातात सूपचा चमचा होता. "म्हणजे... तुमची काही अडचण होणार नसेल तर..."

"अडचणच झालीय! व्हर्लिन माळ्यावर अडकलाय, दोन वाजता नर्स येतेय आणि मला माझी आई घरी हवीय. मी एकदाच सांगणार आहे. मदत कर."

आयुष्यात पहिल्यांदा ती असं बोलली होती. तिचे कान लाल झाले, थंडीने नव्हे. हायल्मरने चमचा ठेवला आणि दारामागून हत्यारांची पिशवी उचलली. पिशवी भरून तयारच होती.

"सोमवारपासून भरून ठेवलीय," तो खाली बघत म्हणाला. "पण परत आलो असतो तर वाटलं असतं, मी मागेच लागलोय."

बोळात येऊन त्याने बुचाकडे बघितलं. हसला नाही, हे त्याचे उपकार. "ही वरच बांधायची असते, व्हर्लिन. तक्ते एकेक करून न्यायचे."

"माहीत होतं मला," वरून व्हर्लिन म्हणाला.

हायल्मरने सुरीने सांधे मोकळे केले. एकेक तक्ता वर गेला, आणि दोघांनी पेटी माळ्यावर पुन्हा जोडली. झाकणाच्या कडेने रबरी पट्टी, चौकटीच्या फटीत सीलंट. वरून आता टेपच्या फरफराटाशिवाय मधूनमधून खिदळणंही ऐकू येत होतं, आणि त्याचा मार्लिसला वेगळाच राग आला. मग दोघे खाली उतरले आणि लांब दांड्याच्या फावड्याने वळचणीवरचा बर्फ ओढायला बाहेर गेले. मार्लिसने खोली पुसली, हीटर लावला, बादली लपवली आणि पुन्हा बाहेर काढली. खोटं कशाला?

डेल्फीन दोनला पाच कमी असतानाच आली. ती लुइझियानाची, म्हणजे पार दक्षिणेची, मोकळ्या बोलण्याची. कॉफी घेणार का विचारल्यावर पहिल्याच फटक्यात "हो, आणि साखर जास्त" म्हणाली, तेव्हा व्हर्लिन दचकला. वारा लागतो का बघायला तिने बोळात शिडीखाली हात वर धरला, मग खोलीत जाऊन जमिनीवर तळवा टेकवला.

"बादली कशाला?"

"सकाळपर्यंत टपकत होतं," मार्लिस म्हणाली. "वरून बंद केलंय. आता पुन्हा टपकलं तर मी स्वतः फोन करून सांगेन."

डेल्फीन कॉफी संपेपर्यंत तिथेच बसली. थेंब पडला नाही. "सोमवारी आणा त्यांना," ती म्हणाली. "त्यांना यायचंय ना?"

"विचारते," मार्लिस म्हणाली. नर्स गेल्यावर तिने फोन लावला. तिकडे आर्डिसने उचलला.

"आई, आमच्याकडे राहायला ये. येतेस ना?"



"नाताळपासून पिशवी भरून बसलेय," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मला वाटलं, आता तू विचारतच नाहीस."

"मग सांगायचंस ना गं, आई!" मार्लिस ओरडली, आणि ओरडताना तिला रडू आलं. "एकदा तोंडाने सांगायचंस!"

"मी कशी सांगणार?" आर्डिस म्हणाली. "तुला त्रास झाला असता."