जावयाच्या मते मी नवी नाही

‘साडीची उलटी बाजू आपण होऊन दाखवायची नाही. गिऱ्हाईकाने उलटली तर उलटू दे, पण आपला हात तिकडे जाता कामा नये. आणि का म्हणून विचारायचं नाही.’

वाणी सात वर्षांची असताना तिचे मोठे काका गुंडूरावअण्णा यांनी तिला दुकानाच्या गादीवर बसवून हा नियम सांगितला. तिने लगेच विचारलं, ‘का?’ तेव्हापासून त्या दोघांचं जमत नाही.

हे मी तिच्याच तोंडून ऐकलं, कारण तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. मी एक डबी बोलतेय. शहाणी माणसं मला व्हीआर हेडसेट म्हणतात. डोळ्यांवर बांधायची, आत आपला फोन सरकवायचा, की समोरची भिंत नाहीशी होते आणि खेळातलं जग उभं राहतं. पण मी जन्मले बंगळुरात, चिकपेटच्या साडीच्या दुकानात, आणि तिथे पहिल्या दिवसापासून सगळे मला डबीच म्हणतात. मला राग येत नाही. महागड्या हेडसेटांना झोकदार नावं असतात आणि ते कपाटात पडून असतात.

माझं अंग साडीच्या खोक्यांचं, पुठ्ठ्याचे तीन थर एकावर एक चिकटवलेलं. नाकाला टोचू नये म्हणून कडेला फॉलची पट्टी शिवली आहे. डोक्यामागचा पट्टा आधी परकराच्या नाडीचा होता. तो वाणीच्या आत्याच्या, अक्कांच्या अंबाड्यात अडकला आणि कात्रीने सोडवावा लागला, तेव्हापासून इलास्टिकचा आहे. भिंगं एस. पी. रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानातली. कपाळावर एक भोक आहे. त्यातून फोनचा कॅमेरा बाहेर बघतो आणि खेळणाऱ्याचे हात ओळखतो. हात ओळखायची विद्या वाणीची नाही. जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी ती लिहून फुकट ठेवली आहे, वाणीने ती घेतली. आधीच सांगून टाकते. पुठ्ठ्याच्या पोटात लपवून लपवणार काय?

वाणी इंजिनिअर आहे. दोन वर्षं ती रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला जाऊन दुसऱ्यांच्या कल्पनांची बटणं तपासायची. दसऱ्याला तिने नोकरी सोडली आणि घरात जाहीर केलं की दुकानावरचा माळा मला द्या, मी तिथे शंभर डब्या बनवणार आहे. अण्णांचं म्हणणं, माळ्यावर लग्नसराईचा माल ठेवायचा. वाणीचे वडील गिरीधरअप्पा यांचं म्हणणं, अण्णांचं जे असेल ते.

शेवटी अण्णा म्हणाले, ‘डबीत खरंच काही नवं असेल तर माळा घे. नसेल तर गप्प नोकरी शोध. प्रणीतला विचारू.’

या घरात अवघड प्रश्न जावयाला विचारायची पद्धत आहे. जावयाला त्या विषयातलं कळलंच पाहिजे अशी अट नाही. प्रणीतला मात्र थोडं कळतं, हेच वाणीचं दुर्दैव. तो पुण्याचा, अण्णांच्या मुलीचा नवरा, इथल्याच एचएसआर लेआउटमध्ये राहतो आणि दिवसभर लोकांना त्यांच्या कल्पना का चालणार नाहीत ते समजावतो. पगार त्याला याचाच मिळतो.

रविवारी दुकान बंद असतं. शटर अर्धं खाली ओढून सगळे गादीवर बसले. अण्णा, अप्पा, त्या दोघांची थोरली बहीण भागीरथीबाई, म्हणजे आमच्या अक्का, आणि कोपऱ्यात बसवंतमामा. मामा एकतीस वर्षं या दुकानात साड्या दाखवतात. रविवारीही येतात, कारण आठवडाभर उलगडलेल्या साड्यांच्या घड्या कोणीतरी घालायला हव्यात.

प्रणीतने मला दोन बोटांत धरून फिरवून पाहिलं. डोळ्यांवर लावलं नाही. नुसतं फिरवलं.

‘हे बघ वाणी, बेसिकली हे इनोव्हेशन नाही. पुठ्ठ्यात फोन घालायचा प्रकार जगाने दहा वर्षांपूर्वी बघितला आणि सोडून दिला. लोकांना गरगरायला लागलं, डबे अडगळीत गेले. तू फक्त कॉस्ट कमी केलीस.’

‘म्हणजे काय केलं तिनं?’ अक्कांनी विचारलं.

‘स्वस्त केलं, अक्का.’

‘मग वाईट काय केलं?’

‘वाईट नाही हो. नवं नाही.’

‘सरी!’ ठीक आहे अशा अर्थाचा कानडी शब्द टाकून अण्णांनी मांडीवर थाप मारली. ‘झालं तर. बसवंत, उद्यापासून माल माळ्यावर चढव.’

वाणी उसळली. ‘अण्णा, आर्ट सिल्क, ते कृत्रिम रेशीम, बाजारात आलं तेव्हा तुमच्या दुकानात काय म्हणाले होते?’

‘नक्कल म्हणाले. मी अजून म्हणतो.’

‘आणि विकता.’

‘विकायला काय झालंय? विकणं वेगळं, मानणं वेगळं.’

‘माझ्या लग्नातला शालू तसलाच होता,’ अक्का शांतपणे म्हणाल्या.

‘अक्का, तो कांजीवरम होता.’

‘तुला तसं सांगितलं होतं. आठ वर्षांचा होतास तू. बाबांकडे त्या साली कुठलं कांजीवरम? पण मांडवात आले तेव्हा सगळ्यांनी मान वळवून बघितलं. आपण नक्कल नेसलोय हे मला तरी कुठे माहीत होतं!’

अण्णांचा चेहरा असा झाला, जणू कोणीतरी त्यांच्या दुकानाचीच उलटी बाजू दाखवली.

खरं सांगू? प्रणीतचं अर्धं बरोबर होतं. माझ्यातलं एकेक वेगळं काढून टेबलावर मांडलं तर ‘असं कधी पाहिलं नव्हतं’ म्हणण्यासारखं काही नाही. भिंग जुनं, फोन तुमचाच, पुठ्ठा तर पुठ्ठाच. पण महागडा हेडसेट डोळ्यांवर चढवला की पहिल्यांदा काय सांगतो ठाऊक आहे? उठा, टेबल बाजूला करा, चारी बाजूंनी दोन दोन पावलं मोकळी जागा करा. चिकपेटमध्ये चारी बाजूंनी मोकळी जागा रस्त्याच्या मधोमध मिळते, आणि तीही रविवारीच. ज्यांच्या घरात एवढी जागा नाही त्यांनी खेळूच नये, असं त्या लोकांनी ठरवलं नव्हतं. त्यांना ते सुचलंच नव्हतं, जे जास्त वाईट.

वाणीने मला बसलेल्या माणसासाठी बनवलं. मांडी घाला, गादीवर बसा. खेळात तुम्ही कड्याच्या टोकावर बसलेले असता. समोर खोल दरी, बाजूला हत्तींचा कळप. तुम्ही हाताने झटका द्यायचा, की तुमच्या पुढ्यातून लांबच लांब कापड उलगडत जातं, दरीवर त्याचा पूल होतो आणि हत्ती पलीकडे जातात. झटका चुकला तर कापडाचा बोळा होतो आणि हत्ती तुमच्याकडे अतिशय अपमानकारक नजरेने बघतात. तुम्ही जागचे हलत नाही, म्हणून डोकं गरगरत नाही.

तो झटका बसवंतमामांचा. साडीची घडी एका हातात धरून मनगट असं सोडायचं की सहा वार अंग एका दमात, सुरकुती न पडता गिऱ्हाईकाच्या गुडघ्यापर्यंत जावं. दोन महिने वाणी त्यांच्यासमोर फोन धरून बसली होती. मामा उलगडत राहिले, ती टिपत राहिली, आणि मी शिकले.

‘आधी लावून तरी बघा,’ वाणी म्हणाली.

‘मला नको तो घोड्याचा चष्मा,’ अण्णा म्हणाले.

‘मला दे,’ अक्का म्हणाल्या.

अक्कांचे गुडघे गेले आहेत. त्या सकाळी गादीवर बसतात त्या दुपारीच उठतात. त्यांनी मला बांधलं, पदर खोचला आणि पहिल्याच झटक्यात पूल टाकला. एकोणीस हत्ती पार केले. विसावा रुसून बसला तेव्हा त्यांनी त्याला कानडीत दम दिला.

‘एकोणीस?’ अण्णा म्हणाले. ‘मी पन्नास वर्षं साड्या उलगडतोय. आण इकडे.’

अण्णांचे दोन हत्ती झोकात पलीकडे गेले. तिसऱ्याच्या वेळी त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. कापड अंगठा आणि बोटात धरून पोत पाहिल्याशिवाय पुढे टाकायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी खेळातल्या कापडाची कड चिमटीत धरायला हात पुढे केला. माझ्याकडे पोत नाही. हात थोडा डावीकडे सरकला आणि तिथल्या खऱ्या साड्यांच्या थप्पीवर पडला. पोत लागला. अण्णांचं समाधान झालं आणि त्यांनी झटका दिला.

पहिली साडी अप्पांच्या डोक्यावरून गेली. पण हत्ती जागचे हलेनात, कारण कॅमेऱ्यासमोर रेशीम फडफडत होतं आणि मला अण्णांचा हातच दिसेना. आता, गिऱ्हाईक गप्प बसलं की आणखी उघडायचं, हीदेखील त्यांची जन्माची सवय. त्यांनी दुसरी उघडली, तिसरी उघडली. हत्ती गप्पच.

‘ताई, ही बघा, यात तीन रंग आहेत,’ अण्णा पुढच्या हत्तिणीला म्हणाले.

अप्पांना हसायचं होतं. त्यांनी अण्णांकडे पाहिलं आणि मग नाही हसले. अक्का मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. वाणीने मला सोडवलं तेव्हा गादीवर चौदा साड्या पसरल्या होत्या, आणि अण्णा आजूबाजूला असे बघत होते की हे कोणी केलं. बसवंतमामा पहिल्या साडीची घडी घालायला लागले.

मग प्रणीतला राहवेना. त्याने मला बांधलं. पण त्याला मांडी घालता येईना! बारा वर्षं खुर्चीत बसलेला माणूस तो. गुडघे कानांपाशी येत होते. त्याच्या पहिल्या सात पुलांचे सात बोळे झाले.

‘सर, मनगट सैल सोडा,’ मामा मागून म्हणाले. ‘स्वल्प सैल. मारायचं नाही, सोडायचं.’

आठव्या वेळी पूल पडला आणि हत्ती चालायला लागला. एवढा शिकलेला जावई ‘गेला! गेला!’ म्हणून ओरडला. शटरखालून एका कुत्र्याने आत डोकावून पाहिलं. त्यानंतर प्रणीत तब्बल चाळीस मिनिटं खेळला. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, तरी उठला नाही.

मला काढलं तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. ‘हे इनोव्हेशन आहे,’ तो म्हणाला.

‘मघाशी नव्हतं,’ वाणी म्हणाली.

‘मघाशी मी खेळलो नव्हतो.’

वाचकहो, तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. मला नवी म्हणा, जुनी म्हणा, पुठ्ठा म्हणा, पण आधी डोळ्यांवर घ्या आणि मग निवाडा करा. दोन बोटांत धरून मत देणाऱ्यांना मी कंटाळले आहे.

प्रणीत मात्र आता थांबेना. ‘ऐका. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायचं, जगातला पहिला. हात ओळखायचं सॉफ्टवेअर दुसऱ्यांचं आहे हे कुठेही बोलायचं नाही. आणि हा जो झटका आहे ना, त्याला जेश्चर इंजिन म्हणू. आमच्या टीमने डेव्हलप केलं म्हणू. साडीचं दुकान, सेल्समन, ते सगळं काढून टाक, वाणी. चीप वाटतं.’

‘मी हिला सातव्या वर्षीच सांगितलं होतं,’ अण्णा खूश झाले. ‘आतलं आत ठेवायचं. वाणी, माळा तुझा. माल मी दुसरीकडे ठेवतो. दुकानाचं नावही घाल हवं तर. फक्त जावईबापू सांगतात तसं कर.’

‘अण्णा म्हणतात ते बरोबर आहे,’ अप्पा म्हणाले.

वाणीला माळा हवा होता. मी तिच्या हातात होते, मला तिच्या बोटांतून कळत होतं. तिच्या खोलीत मी आणि आणखी एक डबी एकदम वाळत घालायला जागा नव्हती. तिने पिशवीतून एक कागद काढला. खोक्याचा मजकूर तिने आधीच लिहून ठेवला होता. तिने तो वाचला.

‘भिंगं एस. पी. रोडवरची. हात ओळखण्याची विद्या अनोळखी लोकांनी सगळ्यांसाठी मोकळी ठेवलेली. फोन तुमचा. बसून खेळायची कल्पना वाणीची. उलगडण्याचा झटका बसवंत यांचा.’

‘हे असं कोण छापतं?’ प्रणीतने विचारलं.

‘मी.’

‘नवं काय आहे हे कळावं म्हणून लिहायचं असतं. कुणाचं काय आहे ते नाही.’

‘कुणाचं काय आहे ते कळल्याशिवाय नवं काय ते कसं कळणार?’

‘वाणी,’ अण्णांचा आवाज खाली आला. तो खाली आला की घरातले सगळे ऐकतात. ‘तो कागद फाड. नाहीतर माळा नाही.’

‘मग नको माळा. कॉटखाली बनवीन. वर्षाला दहा बनवीन. पण हा कागद फाडणार नाही, आणि यातला एक शब्दही काढणार नाही.’

‘मोठ्यांशी अशी बोलतेस?’

‘हो. आणि एक राहिलंच. नुसतं बसवंत छापलं तर कोण बसवंत ते कळणार नाही. पूर्ण नाव छापायचं आहे. अण्णा, मामांचं आडनाव काय?’

कोपऱ्यात मामांचे हात घडीवर थांबले. त्यांनी तोंड उघडलं.

‘मामा, तुम्ही नका सांगू,’ वाणी म्हणाली. ‘मी यांना विचारतेय. एकतीस वर्षं झाली.’

अण्णांनी उत्तरासाठी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी, आयुष्यात पहिल्यांदा, अण्णांकडे पाहिलं नाही. अक्का पदराच्या टोकाला बोटभर पीळ देत बसल्या.

मला ते आडनाव ठाऊक होतं. मीही सांगितलं नाही.